पायाला भोक असलेली खुर्ची

अण्णा, तुम्हाला जे सांगायचं आहे ते एका वाक्याचं आहे. पण ते एक वाक्य मला सेहेचाळीस वर्षांत जमलेलं नाही, म्हणून आधी बाकीचं लिहिते. लिहिता लिहिता तिथवर पोचेन असं वाटतंय. नाही पोचले तर तुम्ही ओळखता मला.

दीड महिन्यापूर्वी भांडुपच्या माझ्या गाळ्यासमोर एक टेम्पो उभा राहिला आणि त्यातून बत्तीस वेताच्या खुर्च्या उतरल्या. धुळीने माखलेल्या, बैठका फाटून लोंबणाऱ्या, काहींच्या आत उंदरांनी संसार केलेले. हो, माझा गाळा आहे आता. तुम्ही गेलात तेव्हा मी सोफ्याच्या दुकानात फोम आणि रेक्झिन विकत होते आणि वेताला हात लावणार नाही म्हणून हटून बसले होते. तुम्ही गेल्यावर वर्षभरातच तुमची ती विणकामाची पत्र्याची पेटी उघडली, आतल्या लाकडी खुंट्या हातात घेतल्या, आणि मग काही सुटलं नाही. आज माझ्या हाताखाली तीन बायका आहेत. तिघी माझ्यापेक्षा भरभर विणतात आणि माझ्यापेक्षा भरभर बोलतात. त्यातल्या एकीने खुर्च्या मोजता मोजता विचारलं, "बाई, हे कुठल्या हॉटेलचं काम?" मी म्हटलं, हॉटेलचं नाही गं, आगबोटीचं. आणि बोलता बोलता मला हसू आलं, कारण आगबोट आणि वेताची खुर्ची हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या घरात पुढे काय व्हायचं ते मला पाठ आहे.

बोट समुद्रातली नाही. घाटावर एक तलाव आहे, तिथली आहे. कोण्या संस्थानिकाने हौसेने आणलेली. दोन्ही अंगांना लाकडी फळ्यांची मोठमोठी चाकं, ती फिरली की पाणी मागे लोटतात आणि बोट पुढे जाते. संस्थान गेलं तरी बोट लोकांना तलावात फिरवत राहिली, मग बिघडली आणि काठावरच्या शेडमध्ये कित्येक वर्षं पडून राहिली. आता ती दुरुस्त करून पुन्हा चालू करणार आहेत. ज्याच्याकडे हे काम आहे तो अंधेरीचा एक तरुण आर्किटेक्ट, दाढी राखलेला, मला पहिल्या भेटीपासून काकू म्हणणारा. त्याने माझ्यासमोर चार पानं ठेवली. वर ठळक अक्षरात 'प्रवाशांच्या सोयी'. "काकू, पॅसेंजर कम्फर्टला आपण नंबर वन ठेवलंय," तो म्हणाला, आणि मी ती पानं वाचत गेले. वरच्या डेकवर ऊन लागू नये म्हणून जाड कापडाचं छत, वारा सुटला तर सोडायचे पडदे, गारठ्यासाठी प्रत्येक खुर्चीमागे एक घडी केलेली घोंगडी. खाली चहाचा सलून, त्यातल्या टेबलांना चारी बाजूंनी पितळी कड, कप घसरून पडू नये म्हणून. म्हाताऱ्या माणसांसाठी पायऱ्यांऐवजी उतार. न दिसणाऱ्यांसाठी कठड्याच्या दांडीवर उठावाची खूण, जिना कुठे सुरू होतो ते हाताला कळावं अशी. हे वाचलं आणि थांबले. अण्णा, तुम्ही ज्या बोटीने आलात तिच्यात तुमच्या आईला उलटी करायला डबासुद्धा मिळाला नव्हता.

तुम्ही पाहिलेल्या गोष्टी मोजक्याच, आणि त्या सगळ्या मला तुमच्याकडून पाठ झालेल्या. मालवणातल्या घरामागचं बांबूचं बेट. तुमच्या आजोबांच्या कानातली भिकबाळी. आणि ती बोट. तुम्ही सात वर्षांचे, गिरणीतून वडिलांचा निरोप आला म्हणून आईबरोबर मुंबईला निघालेले. बंदरात बोट लांब उभी, तिच्यापर्यंत पडावातून जायचं, पडाव हिंदकळतोय, वरून शिडी सोडलेली. डेकवर माणूस माणसाला चिकटून, चटया, ट्रंका, फणस, कोंबड्या, ओकाऱ्यांचा वास. आईला डोकं वर करवेना. तुम्ही सटकलात आणि एक जिना चढून वर गेलात. वर वारा होता. पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस वेताच्या खुर्चीत पाय लांब करून झोपलेला आणि त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी. तुम्ही बसलात. पाय खाली पोचत नव्हते. बैठक दबली की पुन्हा वर यायची. खाली बोट हलायची आणि वर खुर्ची, आणि दोघींचं हलणं एकमेकींशी जुळत नव्हतं, त्याने पोटात गुदगुल्या व्हायच्या. असं तुम्ही किती वेळ बसलात ते तुम्हाला कधीच नक्की सांगता आलं नाही. मग कुणीतरी कान धरून उठवलं. "ऊठ. ही तुझी बसायची जागा नाय." चार वर्षांनी अंगावर देवी उठल्या आणि डोळे गेले. पण ती खुर्ची गेली नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही भिंतीला पाठ टेकून बसलेले असता, आई स्टोव्हवर कुळथाची पिठी ढवळतेय, आणि कशावरूनही बोट निघते. आईने पाट सरकवला तरी निघते. तुम्ही हाताने हवेत त्या खुर्चीचे हात दाखवता, एवढे रुंद, आणि त्यात पेला ठेवायला गोल खाच. "एकदा तरी त्या खुर्चेर बसान मालवणाक जायन," तुम्ही म्हणता, आणि आई ओघराळं भांड्यावर आपटून म्हणते, "पुरे झाली ती बोट. भात निवता." पुढे कोकणात जाणारी बोटच बंद झाली. त्या दिवशी तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "आता बोटच ऱ्हवली नाय, खुर्ची खयची!" आणि जेवायला बसलात. मी ताटाकडे बघत राहिले. का, ते पुढे येईलच.

आता तुमच्या त्या अंधांच्या कारखान्याबद्दल लिहायला हवं. घाटकोपरच्या त्या लांबट खोलीत तुम्ही सगळे ओळीने बसलेले. तुम्ही स्वतःला बिनधास्त आंधळे म्हणायचात, मीच ओशाळायची. प्रत्येकासमोर पाण्याची बादली, तिच्यात भिजत घातलेल्या वेताच्या पट्ट्या, ओठांत दोन-तीन लाकडी खुंट्या. उभ्या पट्ट्या झाल्या की आडव्या, आडव्या झाल्या की तिरप्या, पट्टी ताणायची, भोकात खुंटी ठोकायची, पुढची. कोपऱ्यात रेडिओ. शाळा अर्धा दिवस असायची म्हणून शनिवारी तुमचा डबा घेऊन मी यायची आणि संध्याकाळी तुमचा हात धरून घरी न्यायची. त्या मधल्या वेळात माझं एक काम असायचं. मुकादम प्रत्येक खुर्चीच्या पायाला चिठ्ठी बांधायचा, खुर्ची कुठून आली आणि कुठे परत जायची ते लिहिलेली. ती चिठ्ठी तुमच्यातल्या कुणालाच वाचता यायची नाही आणि मुकादमाला सांगायला वेळ नसायचा. मग विणून झालेली खुर्ची तुम्ही सरळ करायचात, तिच्यावर बसायचात, दोनदा वर उठून पुन्हा धपकन बसायचात, बैठक नीट ताणली गेली की नाही ते बघायला, आणि मला विचारायचात, "आज मी कोण गो बाय?" मी चिठ्ठी वाचायची. कोर्ट म्हटलं की तुम्ही जज्ज व्हायचात आणि शेजारच्या काकांना फाशी सुनवायचात. दवाखाना म्हटलं की नाडी बघायचात. रेल्वे म्हटलं की शिट्टी मारायचात, आणि ती इतकी खरी की पलीकडच्या रांगेतले एक आजोबा खरंच दचकायचे. सगळी खोली हसायची. मला वाटायचं, माझ्या अण्णांएवढ्या नोकऱ्या जगात कुणी केल्या नसतील.

तुमच्याकडे आलेलं सगळंच मी वाचून दाखवायची. गावाहून आलेली पत्रं, विजेचं बिल, औषधाच्या बाटलीवरचं लेबल. मी वाचीन ते खरं. नाही, अगदी तसंही नाही. पत्रात काही वाईट असलं की मी ते गाळून पुढे जायची, आणि तुम्ही लगेच मान वाकडी करायचात. "मधला ऱ्हवला गो. ता वाच." कसं कळायचं कुणास ठाऊक. बहुधा माझा श्वास बदलत असेल. तुमच्या काकींच्या मरणाची ओळ मी अशी गाळली होती आणि तुम्ही ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतलीत.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा हट्ट धरला की मीही विणणार. मुकादमाने एक जुनं स्टूल दिलं. चार शनिवार मी ते विणत बसले होते. चौथ्या शनिवारी जाळी पुरी झाली आणि ती खरोखर सुंदर दिसत होती, अण्णा, आजही सांगते, माझ्या तिघी बायकांनी बघितली असती तर वा म्हणाल्या असत्या. मी स्टूल तुमच्या मांडीवर ठेवलं. तुम्ही वरून हात फिरवलाच नाहीत. हात खाली घातलात, अंगठा तिरप्या पट्ट्यांवरून नेलात, आणि म्हणालात, "डोळ्यांनी इणलंस तू." मला कळेना. तुम्ही माझं बोट धरून दाखवलंत, तिरपी पट्टी जिथे खालून जायला हवी तिथे मी ती वरून नेली होती. वरून दोन्ही सारखंच दिसतं. पण अशी गेलेली पट्टी दुसऱ्या पट्टीला घासत राहते, माणूस बसला-उठला की करवतीसारखी, आणि सहा महिन्यांत बैठक फाटते. "बघणाऱ्याक बरां दिसात. बसणाऱ्याक नाय," असं म्हणून तुम्ही मुकादमाकडे कातर मागितलीत आणि सगळ्यांसमोर माझे चार शनिवार कराकरा कापून टाकलेत. वर म्हणालात, "रडतंस कित्याक? फुडल्या शनवारासून परत सुरू कर." मी रडत नव्हतेच. मला इतका राग आला होता की रडायला जागाच नव्हती.

त्याच दुपारी तुमच्यासमोर आठ खुर्च्या विणून तयार होत्या. गेला आठवडाभर तुम्ही त्यांवर काम करत होतात. रुंद हातांच्या, जरा बुटक्या, आणि त्यांच्या प्रत्येक पायात तळाशी आरपार एक भोक. पहिली सरळ केलीत, बसलात, दोनदा धपकन बसून बघितलंत, आणि काही झालंच नाही अशा आवाजात विचारलंत, "आज मी कोण गो बाय?"

इथे मी थोडी थांबते. टेम्पोपाशी परत येते, म्हणजे श्वास येईल.

बत्तीस खुर्च्या आम्ही गाळ्यात उलट्या मांडल्या. जुन्या पट्ट्या कापायच्या आधी मी खालून हात फिरवते, सवय तुमची. कारखान्यात प्रत्येकाची शेवटची गाठ मारायची आपापली रीत होती, खुर्ची फाटून परत आली तर कुणाची ते हाताला कळावं म्हणून. कुणी गाठ दुमडायचं, कुणी पट्टीचं टोक चावून चपटं करायचं. तुमच्या तीन गाठी असायच्या, मागच्या डाव्या कोपऱ्यात, एकीला एक चिकटून. सातव्या का आठव्या खुर्चीखाली माझ्या अंगठ्याला तीन गाठी लागल्या. मी हात काढून घेतला. पुन्हा घातला. मग बत्तीसच्या बत्तीस खुर्च्या तपासल्या. आठ तुमच्या होत्या. सात फाटलेल्या, गाठी तेवढ्या लाकडाला धरून राहिलेल्या. आणि एकीची जाळी जवळजवळ शाबूत, मध्ये सैल पडलेली, काळवंडलेली, दोन पट्ट्या तुटलेल्या, पण उभी. पायात भोक होतंच. बोट हलली की खुर्च्या घसरू नयेत म्हणून डेकला बोल्ट मारतात, त्याचं. मी फरशीवर बसून राहिले. बायकांपैकी एकीने पाणी आणून दिलं आणि विचारलं, "बाई, बीपी वाढलं का?" मी म्हटलं, माझे वडील आलेत. तिला वाटलं असेल, ही गेली.

तो आर्किटेक्ट काम बघायला आला तेव्हा मी त्याला गाठी दाखवल्या, आणि तो इतका खूश झाला की खुर्चीभोवती फिरून फोटो काढत सुटला. "काकू, झकास! ओरिजिनल विणकाम आहे हे! ही आपण विणायची नाही ना. सलूनमध्ये काचेपाशी ठेवू, पुढे दोरी लावू, आणि एक छान पाटी. जुनी खुर्ची, कृपया बसू नये." तो मुलगा चांगला आहे, अण्णा. त्याला तुमचा मान ठेवायचा होता. मीही हो म्हटलं. तीन दिवस ती खुर्ची गाळ्यात एका बाजूला झाकून ठेवली होती, आणि मला छातीवरचं मोठं वजन उतरल्यासारखं वाटत होतं. तुमचं काम काचेपाशी राहणार, लोक बघणार, मी कधीही जाऊन बघू शकणार. चौथ्या दिवशी दुपारी डबा खाताना त्या झाकलेल्या खुर्चीकडे लक्ष गेलं आणि पाटीचे शब्द आठवले. बसू नये. हातातला घास मी डब्यात परत ठेवला. सात वर्षांच्या मुलाला ज्या खुर्चीवरून कान धरून उठवलं, तसलीच खुर्ची त्याने आंधळा झाल्यावर स्वतः विणली, आणि आता मी तिच्यापुढे दोरी बांधून तेच वाक्य चांगल्या अक्षरात लिहून लावणार. आणि तुमच्या कातरीचं काय? माझे चार शनिवार कापताना तुम्ही क्षणभरही थांबला नव्हतात. बसणाऱ्याला जी पेलणार नाही ती बैठक कापायची, मग ती कुणाचीही असो.

मी डबा बंद केला, हात धुतले आणि कातर घेतली. दोनदा ती खाली ठेवली, ते सांगते. पट्ट्या इतक्या वाळल्या होत्या की कापताना काड्या मोडल्यासारखा आवाज येत होता. त्या आठही खुर्च्या मी बायकांकडे दिल्या नाहीत, स्वतः विणल्या. उभ्या-आडव्या डोळे उघडे ठेवून, तिरप्या मिटून. डोळे मिटल्यावर खूप वेळ लागतो, पण अंगठ्याला कळतं. शेवटी मागच्या डाव्या कोपऱ्यात तीन गाठी मारल्या. माझी रीत दोन गाठींची आहे, पण या आठ माझ्या नाहीत.

आर्किटेक्टने पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "काकू, वाट लावलीत! यार, एवढं ओरिजिनल होतं ते! मला एक फोन तरी करायचा ना!"

"केला असता तर तू नको म्हणाला असतास," मी म्हटलं. "माझ्या वडिलांनी विणली होती ती. ते असते तर त्यांनीच कापली असती. आणि मला ओरडले असते, तीन दिवस वाट कसली बघितलीस म्हणून."

त्याने फोन खिशात ठेवला. मग खुर्चीवर बसला, दोनदा जरा वर-खाली झाला आणि म्हणाला, "मस्त वाटतंय पण." मी त्याला चहा पाजला आणि पाटीचा विषय संपला.

आता पोचते तिथे.

त्या दुपारी तुम्ही विचारलंत, आज मी कोण. मी वाकून चिठ्ठी वाचली. चिठ्ठीवर त्या तलावाचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, आगबोट, वरचा डेक. मी ती नीट वाचली, अण्णा. दोनदा वाचली. आणि मान वर करून म्हटलं, "कचेरी."

माझ्या पायाशी कापलेल्या पट्ट्यांचा ढीग पडला होता. मला तुमचंही काहीतरी कापून टाकायचं होतं आणि माझ्याकडे तेवढंच होतं. तुम्ही लगेच कारकून झालात. "सायब नाय आसत. उद्या येवा," असं म्हणून हात झटकलात, सगळी खोली हसली, आणि मी हसले नाही. दुसरी खुर्ची, तिसरी, प्रत्येकीवर तुम्ही बसलात, दोनदा उठून धपकन बसलात, कुणाचातरी अर्ज हरवलात, कुणाला सहीसाठी वर पाठवलंत. पाचवी उलटी करून पाय चाचपलेत आणि विचारलंत, "ह्या पायांक भोकां कित्याक गो?" तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हटलं, कचेरीतून खुर्च्या चोरीला जातात, म्हणून साखळी लावतात. तुम्ही मोठ्याने हसलात. आठव्या खुर्चीवर मात्र तुम्ही कारकून झाला नाहीत. नुसते बसलात. दोन्ही हात खुर्चीच्या रुंद हातांवरून पुढे नेलेत, उजव्या हाताला गोल खाच लागली तिथे बोट थांबलं, आणि पाय किंचित वर उचललेत, खाली पोचत नसल्यासारखे. मग मुकादम आला आणि खुर्च्या घेऊन गेला. वाटेत स्टेशनापर्यंत तुम्ही माझा हात धरला होता आणि एक शब्द बोलला नाहीत. मी मनात म्हटलं, दमलेत.

पुढच्या शनिवारी सांगणार होते. पण तोवर खुर्च्या गेल्या होत्या, आणि गेलेल्या खुर्चीबद्दल सांगणं म्हणजे दुसऱ्यांदा काढून घेणं. मग शाळा संपली, लग्न झालं, मुलं झाली. दर वेळी स्वयंपाकघरात बोट निघाली की मी पाणी आणायला उठायची. शेवटच्या आजारपणात मुलुंडला आमच्याकडे होतात तेव्हा तुम्ही माझ्या धाकट्यालाही ती गोष्ट सांगितलीत, बोट, वारा, पांढरे कपडे, रिकामी खुर्ची, कान. त्याने विचारलं, "मग परत कधीच नाही बसलात?" तुम्ही म्हणालात, नाही. मी दारात औषधाचा चमचा घेऊन उभी होते. जन्मभर ज्या खुर्चीची वाट बघितलीत तशा आठ खुर्च्यांवर तुम्ही बसून उठला होतात, आणि ते जगात फक्त मला माहीत होतं. मी चमचा पुढे केला आणि म्हटलं, आ करा.

तुम्हाला कळलं होतं का? आठव्या खुर्चीवर? माझा श्वास ओळखणाऱ्या माणसाला ते कळलं नसेल असं मला कधीकधी वाटत नाही. पण कळलं असेल तर मधला ऱ्हवला गो, ता वाच, असं का म्हणाला नाहीत?

हे पत्र मी कुणाला पाठवणार? तुम्ही असतात तरी ते तुमच्या हातात देऊन भागलं नसतं. ते वाचून दाखवायला पुन्हा मीच लागले असते. उद्या बोटीची चाचणी फेरी आहे, काम केलेल्या सगळ्यांना बोलावलंय. पत्र बरोबर नेते. तुमच्या खुर्चीवर बसून तुम्हाला वाचून दाखवीन. सबंध.

जाऊन आले, अण्णा. एवढं लिहून पत्र संपवते.

बोट फार छान झालीय. उतारावरून चढले, गुडघे कुरकुरले नाहीत. कठड्याच्या दांडीवरची खूण डोळे मिटून चाचपली, जिना बरोबर तिथेच होता. वरच्या डेकवर कापडाचं छत फडफडत होतं, चहाचे ट्रे फिरत होते, आर्किटेक्ट आपल्या आईला घोंगडीत गुंडाळून बसवत होता. चाकं फिरायला लागली की आधी नुसता खडखडाट होतो आणि मग पाण्याचा छपाछपा लागतो, एका लयीत, बोलणं शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही इतका. मी तुमच्या आठांपैकी चाकाजवळची खुर्ची पकडली. दोनदा उठून धपकन बसले, तर दोन माणसं वळून बघायला लागली. खाचेत चहाचा कप ठेवला. तुम्ही म्हणायचात ते खरं आहे, खाली बोट हलते आणि वर खुर्ची, आणि दोघींचं जुळत नाही. पोटात गुदगुल्या झाल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी.

मग पर्समधून पत्र काढलं, चष्मा लावला आणि हळू आवाजात पहिल्यापासून वाचलं. टेम्पो वाचला, मालवण वाचलं, आईची पिठी वाचली, स्टूल वाचलं. तुमच्या कातरीपाशी आवाज स्थिर होता, माझ्या कातरीपाशीही होता. आता पोचते तिथे, हेसुद्धा वाचलं. चिठ्ठी वाकून वाचली इथपर्यंत आले. पुढच्या ओळीवर बोट ठेवलं, ती डोळ्यांसमोर होती, माझ्याच अक्षरात, ठळक. आणि मी एकदम 'पुढच्या शनिवारी'पासून वाचायला लागले.

चाकं फिरत होती. मधला ऱ्हवला गो, असं कुणी म्हणालं नाही. मी पत्राची घडी घालून ते पर्समध्ये ठेवलं आणि थंड झालेला चहा पिऊन टाकला.